उन्हाळ्यातले स्केटिंग : एका व्यायामप्रकाराची जडणघडण

चाकांच्या बुटांवरून घसरत जाण्याचा खेळ अडीच शतके जुना आहे. परंतु हृदय आणि फुप्फुसे यांची क्षमता वाढवणारा आणि तरीही गुडघ्याघोट्यांना फारसा त्रास न देणारा व्यायाम म्हणून त्याची गणना होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, आणि तीही प्रामुख्याने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून. हा व्यायाम कोणा वैद्याने सुचवलेला नाही, की कोणत्या प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. हिवाळ्यात बर्फावर खेळणाऱ्या खेळाडूंनी बर्फ वितळल्यावर काय करायचे, या अगदी व्यावहारिक अडचणीतून तो निघाला, एका कंपनीने तो विकण्याजोगा केला, आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याची मोजमापे घेतली ती सर्वांत शेवटी. हा क्रम ध्यानात घेतला, म्हणजे या व्यायामाविषयीचे कोणते दावे टिकले, कोणते टिकले नाहीत, आणि ज्या ‘कमी आघाता’च्या गुणावर त्याची प्रतिष्ठा उभी राहिली तो आघात नेमका गेला कुठे, याचा उलगडा होतो.

प्रारंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हुई या आजच्या बेल्जियममधील गावी जन्मलेला आणि १७६० मध्ये लंडनला आलेला जॉन जोसेफ मर्लिन हा वाद्ये व यंत्रे बनवणारा कुशल कारागीर सोहोमधील कार्लाइल हाउसच्या एका मेजवानीत चाके लावलेले बूट घालून व्हायोलिन वाजवत शिरला, आणि वेग आवरण्याचे वा दिशा बदलण्याचे काहीच साधन नसल्याने पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर जाऊन आदळला, अशी हकिकत १८२५ मध्ये छापलेल्या एका आठवणींच्या संग्रहात आढळते. हकिकत घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली असल्यामुळे तिच्यात मीठमसाला किती हे ठरवणे कठीण आहे. पण तिने दाखवलेली उणीव, म्हणजे थांबता न येणे, पुढे दोनशे वर्षे या साधनाच्या मानगुटीवर बसून राहिली. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्ले याने घेतलेले एकस्व, म्हणजे शोधावरील कायदेशीर हक्क, एका रांगेत चाके बसवलेल्या बुटाचे होते. १८२३ मध्ये लंडनमधील रॉबर्ट जॉन टायर्स या फळविक्रेत्याने ‘रोलिटो’ नावाचा पाच चाकांचा बूट काढला, आणि त्यातील मधले चाक इतरांहून मोठे ठेवले, जेणेकरून एका वेळी थोडीच चाके जमिनीला टेकावीत आणि वळणे सोपे व्हावे. एकामागे एक चाके असलेल्या या बुटाला आज इनलाइन स्केट म्हणतात. म्हणजे ज्याला १९८० च्या दशकात नवा शोध म्हणून डोक्यावर घेतले गेले, तो खरे तर चाकांच्या बुटांचा सर्वांत जुना नमुना होता.

या नमुन्याला बाजूला सारले ते न्यूयॉर्कच्या जेम्स लेनर्ड प्लिम्प्टन याने १८६३ मध्ये एकस्व घेतलेल्या क्वाड स्केटने. पुढे दोन आणि मागे दोन अशी चार चाके, आणि त्यांच्या आसांखाली रबराच्या गाद्या, अशी ही रचना होती. शरीर ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला आस किंचित वळत, त्यामुळे नवशिक्यालाही वळण घेता येई. प्लिम्प्टन याने प्रकृतीच्या कारणास्तव, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून बर्फावरील स्केटिंग धरले होते आणि उन्हाळ्यातही ते चालू राहावे म्हणून चाकांचा मार्ग शोधला, असे सांगितले जाते. ते खरे असेल, तर स्केटिंगचा आरोग्याशी जोडलेला हा फार जुना धागा ठरतो. परंतु प्लिम्प्टनने पुढे उभारलेल्या रिंक, म्हणजे गुळगुळीत लाकडी तळाच्या स्केटिंगच्या बंदिस्त जागा, प्रतिष्ठित समाजाच्या मनोरंजनाची व भेटीगाठींची ठिकाणे झाल्या. मसुरीत इंग्रज आमदानीत उभा राहिलेला ‘द रिंक’ हा त्याच लाटेचा भारतातील अवशेष होता. घाम गाळणे हा तेथे येणाऱ्यांचा हेतू क्वचितच असे.

व्यायाम म्हणून स्केटिंगकडे पाहण्यासाठी आधी खुद्द व्यायामाचीच कल्पना बदलावी लागली. न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड याच्याकडून सावकाश पळण्याचा धडा घेऊन आलेल्या बिल बाउरमन याने १९६७ मध्ये जॉगिंगवर पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर याचे ‘एरोबिक्स’ प्रसिद्ध झाले. कूपरचा मुद्दा असा, की दंड-मांड्या फुगवण्यापेक्षा हृदय व फुप्फुसे शरीराला किती प्राणवायू पुरवू शकतात हे तंदुरुस्तीचे खरे माप होय, आणि ते वाढवायचे तर मोठ्या स्नायूंना बराच वेळ, लयीत आणि सातत्याने राबवले पाहिजे. १९७८ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने याला आकड्यांची चौकट दिली : आठवड्यातून तीन ते पाच दिवस, पंधरा ते साठ मिनिटे. तोवर लक्षावधी अमेरिकन रस्त्यावर पळू लागले होते, आणि त्याचबरोबर गुडघे, नडगी व टाच धरून दवाखान्यात येणाऱ्यांची रांगही वाढू लागली होती.

याचे कारण यांत्रिक आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात आणि मग सारे शरीर एका पायावर उतरते. त्या क्षणी जमीन पायाला जो प्रतिरेटा देते तो शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो, आणि त्याचा धक्का नडगीवाटे गुडघा, खुबा व कण्यापर्यंत चढतो. तासाभराच्या पळण्यात हे हजारो वेळा घडते. निरोगी, सडपातळ आणि हळूहळू सवय केलेल्या माणसाला ते सोसते. चाळिशीत एकाएकी उत्साह संचारलेल्याला सोसेलच असे नाही. १९८० च्या दशकात संगीताच्या तालावर उड्या मारण्याच्या वर्गांनीही हाच अनुभव दिला, आणि व्यायामाच्या बाजारात ‘लो-इम्पॅक्ट’, म्हणजे कमी आघाताचा, हा शब्द चलनी नाण्यासारखा फिरू लागला. पोहणे आणि सायकल हे दोन पर्याय जुनेच होते. तिसऱ्याची जागा मोकळी होती.

ती जागा मिनेसोटाने भरून काढली यात नवल नाही. कॅनडाच्या सीमेलगतच्या या राज्यात हिवाळा प्रदीर्घ आणि कडक असतो, आइस हॉकी हा तेथील गावोगावचा खेळ आहे, आणि बर्फावर पट्ट्या घालून लांब पल्ला तोडणारे नॉर्डिक स्कीइंगही स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकारांच्या वंशजांनी तेथे रुजवले आहे. या दोन्ही खेळांच्या खेळाडूंना वसंतापासून शरदापर्यंत सरावाचे साधन हवे असे. याच गरजेपोटी एड पॉल्स या अभियंत्याने १९७५ मध्ये मिनेसोटाच्या चास्का गावी घरात उभ्या उभ्या स्कीइंगची हालचाल करता येईल असे नॉर्डिकट्रॅक हे यंत्र बनवले, आणि अल्पावधीत ते स्कीइंगशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. खेळाडूंच्या बिगरहंगामी सरावाचे साधन सामान्यांच्या व्यायामाचे साधन होते, हा या राज्याने दोनदा गिरवलेला कित्ता होय.

दुसऱ्यांदा तो गिरवला ऑल्सन बंधूंनी. स्कॉट ऑल्सन हा हॉकीतील गोलरक्षक. १९८० च्या सुमारास मिनीॲपोलिस परिसरातील खेळसाहित्याच्या एका दुकानात त्याला एका रांगेत चाके असलेल्या जुन्या स्केट्सचा जोड दिसला. शिकागो रोलर स्केट कंपनीने १९६० च्या दशकात असे स्केट्स बाजारात आणून पाहिले होते. ते चालले नव्हते. स्कॉट आणि त्याचा भाऊ ब्रेनन यांनी ती चौकट घेऊन वर हॉकीचा बूट बसवला, खाली पॉलियुरेथेन या लवचिक पण चिवट कृत्रिम द्रव्याची चाके लावली, आणि टाचेशी रबराचा ब्रेक जोडला. यातील कळीचा भाग चाकांचा होता. लाकूड, धातू वा कडक मातीची जुनी चाके डांबरी रस्त्यावरचा प्रत्येक खडा पायापर्यंत पोहोचवीत आणि वळणावर निसटत. पॉलियुरेथेन थोडे दबते, रस्ता पकडून ठेवते आणि कंप गिळते. स्केटबोर्डच्या चाकांत १९७० च्या दशकातच ते रुळले होते. अशा रीतीने शतकाहून अधिक काळ रिंकच्या चार भिंतींत अडकलेला खेळ मोकळ्या रस्त्यावर आला, आणि मोकळ्या रस्त्याखेरीज स्केटिंग हा दमसासाचा व्यायाम होत नाही.

भाऊ माल मुख्यतः हॉकीपटूंना विकत होते, आणि हॉकीपटूंची संख्या मर्यादित होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर धंदा रॉबर्ट नेगली या उद्योजकाच्या हाती गेला आणि रोलरब्लेड या नावाने वाढला. नव्या चालकांनी हॉकीचा उल्लेख मागे टाकला आणि स्केटिंग हे धावणे व सायकलिंग यांच्या पंक्तीला बसणारे तंदुरुस्तीचे साधन आहे असे सांगायला सुरुवात केली, कॅलिफोर्नियातील व्हेनिस बीचच्या किनारपट्टीवर स्केट भाड्याने देणाऱ्या दुकानांना माल फुकट पुरवला, आणि शिवलेल्या चामड्याऐवजी साच्यातून काढलेला, घोट्याला भक्कम आधार देणारा प्लॅस्टिकचा बूट आणला. या शेवटच्या बदलाने स्त्रिया व मध्यमवयीन पुरुष यांचा मोठा वर्ग ग्राहक झाला, कारण घोटा मुरगळेल ही धास्ती बरीच कमी झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इनलाइन स्केटिंग करणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली होती.

मिनीॲपोलिस शहराची ठेवणही या प्रसाराला अनुकूल होती, आणि ही गोष्ट जाहिरातींच्या तुलनेत कमी लक्षात घेतली जाते. शहरातील सरोवरांभोवती उद्यान विभागाने डांबरी मार्ग बांधले आहेत. त्यांत पायी चालणाऱ्यांचा मार्ग आणि चाकांवरून जाणाऱ्यांचा मार्ग वेगवेगळे आहेत. लेक हॅरिएटचा फेरा साडेचार किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि ज्याला पूर्वी लेक कॅल्हून म्हणत त्या ब्डे माका स्काचा पाच किलोमीटरच्या आसपास. मध्ये सिग्नल नाही, मोटार वा मोटारसायकल नाही. अर्धा-पाऊण तास एकसारख्या लयीत राबणे हे या व्यायामाचे सार असल्याने, न थांबता जाता येईल असा रस्ता हे येथे बुटाइतकेच महत्त्वाचे उपकरण ठरते.

स्केटिंगची एक ढांग जवळून पाहिली, म्हणजे आघात कमी का हे ध्यानात येते. स्केटर गुडघे व खुबे वाकवून, धड पुढे कलवून एका पायावर घसरत असतो. ज्या पायावर भार आहे तोच पाय तो मागे न ढकलता बाजूला, किंचित मागच्या कोनात रेटत जातो, आणि रेटा संपता संपता भार दुसऱ्या पायावर सरकवतो. दुसरा पाय जमिनीवर आपटत नाही. तो जवळजवळ जमिनीलगतूनच पुढे येऊन टेकतो आणि लगेच घसरू लागतो. शरीर हवेत उडत नाही, म्हणून खाली आदळतही नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी नडगीवर त्वरणमापक, म्हणजे धक्क्याची तीव्रता मोजणारे छोटे उपकरण, बांधून या धक्क्यांचे मापन केले आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केले. धावण्याच्या मानाने स्केटिंगचा धक्का सौम्य असतो हा अनुभव त्यातून मोजमापाच्या भाषेत उतरला. बाजूला रेटण्याच्या या क्रियेत खुब्याच्या बाहेरील स्नायू आणि नितंबाचे स्नायू जितके राबतात तितके सरळ रेषेत पाय टाकणाऱ्या धावण्यात वा सायकलिंगमध्ये राबत नाहीत, ही त्यात पडलेली भर होय.

मात्र आघात नसणे आणि श्रम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जाहिरातींनी त्या बेमालूम एकत्र केल्या. श्रमाचे एक सोयीचे माप ‘मेट’ हे आहे : स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तिला एक मेट म्हणतात, आणि ती प्रत्येक किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी धरतात. शारीरिक हालचालींच्या २०११ च्या प्रमाण-सूचीत ताशी १४.४ किलोमीटर वेगाने, म्हणजे रमतगमत केलेल्या इनलाइन स्केटिंगला ७.५ मेट, सुमारे १७.७ किलोमीटरला ९.८, आणि सुमारे २१ किलोमीटरला १२.३ मेट दिलेले आहेत. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने पहिल्या वेगाने तासभर स्केटिंग केले तर पाचशेहून थोड्या अधिक किलोकॅलरी खर्च होतात. हा आकडा संथ जॉगिंगच्या जवळचा आहे आणि तो मुळीच उपेक्षणीय नाही. अडचण अशी, की धावणारा थांबला की थांबतो, स्केटर थांबला तरी पुढे जात राहतो. उतारावर, वाऱ्याच्या रोखाने किंवा नुसत्या आळसाने तो दोन ढांगांमध्ये लांबच लांब घसरत राहिला, तर अंतर कापले जाते पण हृदयाला काम पडत नाही. हृदयगती हव्या त्या पातळीवर ठेवायची तर वेग वाढवावा लागतो, किंवा मुद्दाम चढ शोधावा लागतो.

दुसरी गुंतागुंत शरीराच्या पवित्र्याची आहे. वेगाने जाणारा स्केटर हवेचा अडथळा कमी करण्यासाठी खाली वाकून राहतो. त्या स्थितीत मांडीचे स्नायू ढांगेच्या घसरत्या भागातही लांबी न बदलता ताणलेले असतात, आणि अशा स्थिर आकुंचनात स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात. बर्फावरील वेगवान स्केटिंगच्या संदर्भात विस्कॉन्सिनमधील कार्ल फॉस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या मर्यादित रक्तप्रवाहाचा पुरावा मांडला. मांड्या भरून येतात, हृदय जोरात धडधडते, परंतु प्राणवायूचा खप त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून मनगटी घड्याळावर दिसणाऱ्या हृदयगतीचा अर्थ धावण्याच्या हिशेबाने सरळसोट लावता येत नाही. स्केटिंगमुळे दमसास वाढतो हे खरे, पण तो विनासायास वाढतो असे भासवणारी प्रचारपत्रके अर्धेच सत्य सांगत होती.

उरलेले अर्धे हाडवैद्यांच्या दारात दिसू लागले. अमेरिकेतील आपत्कालीन कक्षांत आलेल्या १६१ जखमी स्केटरांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३२ टक्क्यांच्या मनगटाला इजा झाली होती, २५ टक्क्यांचे मनगट मोडले होते. ४६ टक्क्यांनी कोणतेही संरक्षक साहित्य वापरले नव्हते आणि सारे साहित्य वापरणारे अवघे ७ टक्के होते. मनगटाचे संरक्षक न घालणाऱ्यांना मनगटाची इजा होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या दहापट होती. हे संरक्षक दिसायला किरकोळ आहेत : तळहाताच्या बाजूला प्लॅस्टिकची कडक कमान, आणि वरून वेल्क्रोचे पट्टे. पडणारा माणूस सहजप्रवृत्तीने हात टेकतो. उघडा तळहात डांबराला चिकटतो आणि शरीराचा सारा भार मनगटावर मोडतो, तर प्लॅस्टिकची कमान जमिनीवरून घसरत जाते आणि मनगटाला मागे वाकू देत नाही.

येथे या व्यायामाचा मूळ व्यवहार उघडा पडतो. धावण्यात आघात हजारो लहान हप्त्यांत भरावा लागतो. स्केटिंगमध्ये ते हप्ते माफ होतात, पण एखाद्या दिवशी सारी बाकी एकदम वसूल होऊ शकते. शिवाय वेगाचे गणित स्केटरच्या विरुद्ध जाते. ताशी १४.४ किलोमीटरवरून २१ वर गेल्यास व्यायामाची तीव्रता मेटच्या हिशेबाने सुमारे ६४ टक्क्यांनी वाढते, परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ती दुपटीच्याही पुढे जाते. नुसते खाली पडताना उंची तीच असते, म्हणून मनगटाला वेगाचा फारसा फरक पडत नाही. खांब, मोटार वा दुसरा माणूस आडवा आला तर मात्र वेगाचा मोठा फरक पडतो. ज्या वेगाशिवाय हृदयाला पुरेसे काम मिळत नाही, तोच वेग अपघात गंभीर करतो.

म्हणूनच थांबण्याची युक्ती हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी गाजलेला भाग आहे. टाचेवरचा साधा ब्रेक वापरायचा तर एक पाय पुढे काढून त्याचा चवडा उचलावा लागतो, म्हणजे ज्या क्षणी घाबरलेल्या नवशिक्याला दोन्ही पाय जमिनीवर हवे असतात नेमक्या त्याच क्षणी त्याने तोल एका पायावर आणि एका टाचेवर सांभाळावा, अशी अपेक्षा. १९९० च्या दशकात रोलरब्लेडने आणलेल्या ब्रेकमध्ये बुटाचा घोट्यावरचा पट्टा एका दांड्याने ब्रेकला जोडलेला होता. पाय नुसता पुढे सरकवला की पट्टा मागे कलतो, दांडा खाली दाबला जातो, आणि चारही चाके जमिनीवर असतानाच रबर रस्त्याला घासू लागते. हे साधन गुणाचे होते. तरीही तरबेज स्केटर टाचेचा ब्रेक काढून टाकतात आणि मागचा पाय आडवा ओढून थांबतात. त्यांचे पाहून नवशिकेही तो काढतात, आणि ही नक्कल महागात पडते.

सामान्य ग्राहक या फायद्यातोट्याचा हिशेब करीत असताना, ज्यांच्यासाठी हे साधन मुळात घडले त्या बर्फावरील खेळाडूंनी ते आपलेसे केले. चाकांवरचे आणि बर्फावरचे वेगवान स्केटिंग शरीरावरील ताणाच्या दृष्टीने किती जवळचे आहेत याची तपासणी ॲम्स्टरडॅममधील संशोधकांनी १९८७ मध्येच केली होती. नेदरलँड्समध्ये गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरे जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची एल्फस्टेडेनटोख्त ही शर्यत थंडी पुरेशी पडली तरच होते, आणि १९९७ नंतर ती झालेलीच नाही. तेथील स्केटरांना उन्हाळी चाकांचा आधार किती लागत असेल याची यावरून कल्पना यावी. अमेरिकेत तर ओघ उलटा झाला. टेक्सासच्या चॅड हेड्रिक याने १९९० च्या दशकात चाकांवर ‘डबल पुश’ ही ढब रुजवली. तिच्यात पाय बाहेर रेटण्यापूर्वी आत ओढतानाही एक जास्तीचा रेटा मिळतो. मग त्याने बर्फाची वाट धरली, आणि २००६ च्या ट्युरिन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पाच हजार मीटरचे सुवर्णपदक घेतले. त्याआधी २००२ मध्ये डेरेक पारा याने चाकांवरून बर्फावर येऊन दीड हजार मीटरचे सुवर्ण मिळवले होते. जेथे बर्फ पाहायलाही मिळत नाही त्या फ्लोरिडातील ओकाला या गावातून ब्रिटनी बो, जोई मँशिया आणि २०२२ मध्ये बीजिंगला पाचशे मीटर जिंकणारी एरिन जॅक्सन असे तीन ऑलिम्पिक पदकविजेते निघाले, आणि तिघांचीही सुरुवात इनलाइन स्केट्सवर झाली.

सामान्यांमध्ये मात्र २००० नंतर ओहोटी लागली. तिची कारणे अनेक सांगितली जातात : मुलांना घडीची स्कूटर मिळाली, तरुणांना स्केटबोर्ड अधिक ऐटदार वाटला, कोणे एके काळी जे नवे होते ते आईबापांचे झाले. व्यायामाच्या अंगाने पाहता मुख्य कारण वेगळे असावे. १९९५ मध्ये प्रिकॉर कंपनीने एलिप्टिकल हे यंत्र बाजारात आणले. त्यावर पाय पायरीवरून न उचलता लंबवर्तुळात फिरतात, आघात जवळजवळ नसतो, हृदयगती समोरच्या पडद्यावर दिसते, पाऊस लागत नाही, आणि यंत्र माणसाला खाली पाडत नाही. कमी आघात हा एकच गुण हवा असलेल्याने रस्ता सोडून व्यायामशाळा धरली, यात त्याचा दोष नाही. स्केट्सवर टिकून राहिले ते ज्यांना वेग, वळण आणि मोकळा वारा हवा होता असे लोक. पॅरिस, म्युनिक, बर्लिन येथे रात्री रस्ते बंद करून हजारोंनी निघणाऱ्या स्केटफेऱ्यांत, आणि बर्लिनच्या इनलाइन मॅरेथॉनमध्ये त्यांची भेट होते.

भारतात या खेळाने घेतलेले वळण अगदीच निराळे आहे. येथे स्केटिंग हा शाळकरी मुलांचा छंदवर्ग आणि स्पर्धेचा विषय आहे. राष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत क्वाड आणि इनलाइन असे वेगळे गट असतात, आणि बहुतेक मुले क्वाडवर उभे राहायला शिकून, पुढे गेलीच तर, इनलाइनकडे वळतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या पुरुष व महिला संघांनी तीन हजार मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली, आणि पुरुषांच्या संघात आर्यनपाल सिंग घुमन व आनंदकुमार वेलकुमार यांच्या जोडीला सिद्धान्त राहुल कांबळे आणि विक्रम राजेंद्र इंगळे ही मराठी नावे होती. २०२५ मध्ये वेलकुमार हा या खेळात विश्वविजेता झालेला पहिला भारतीय ठरला. पुण्यामुंबईच्या रिंकवर आणि गृहसंकुलांच्या वाहनतळांवर संध्याकाळी हेल्मेट-गुडघेपट्ट्या चढवून फिरणारी मुले शेकड्यांनी दिसतात, पण त्यांत तिशी-चाळिशीतला माणूस अभावानेच आढळतो. याला केवळ लाजरेपणा कारण नाही. रिंकचा फेरा लहान असतो आणि सतत डावीकडे वळत राहिल्याने एका अंगावर अधिक ताण येतो. रस्त्यावर खड्डे, गतिरोधक, वाळू आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी. सूर्योदयापूर्वी मरीन ड्राइव्हसारख्या एखाद्या सपाट पट्ट्यावर काही हौशी स्केटर जाऊन येतात, पण वाहतूक सुरू झाली की त्यांना काढता पाय घ्यावा लागतो. चाकांसाठी वेगळा, दोन-चार किलोमीटरचा अखंड मार्ग, जो मिनीॲपोलिसच्या उद्यान विभागाने सरोवरांभोवती करून ठेवला, तो महाराष्ट्रातील शहरांच्या विकास आराखड्यांत सायकलमार्ग या नावाने कागदावर अनेकदा आला आहे. प्रत्यक्षात त्याचे जे तुकडे बांधले गेले, त्यांवर बहुतेक ठिकाणी वाहने उभी असतात.